आवडाबाईंचा नंबर

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत टँकर यायचा असला की माणसांआधी हंडे रांगेत लागतात, आणि त्या रांगेच्या न्यायाधीश म्हणजे आवडाबाई. कुणी दुसऱ्याचा हंडा बोटभर सरकवला तरी बाई त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतात. जहांआरा आपांनी गल्लीतल्या बायकांचं मंडळ काढलं, तेव्हा पाण्याचं खातं बाईंकडं बिनविरोध आलं.

एवढा दरारा असलेल्या या बाईंनी साठी ओलांडली तरी एकदाही मत दिलेलं नव्हतं. दर मतदानाला त्या रांगेत लागायच्या, नंबर जवळ यायचा आणि तेवढ्यात टँकर यायचा. पाणी काय त्यांचे यजमान कडुबा भरणार? त्यांनी उभ्या जन्मात हंडा उचलला नव्हता. बाई निमूट माघारी फिरायच्या, पण ते मनाला फार लागायचं.

यंदा महापालिकेची निवडणूक. रोज पाणी हवं तर गल्लीतल्या एकूणएक बाईनं मत द्यायचंच, असं मंडळानं ठरवलं. आणि नेमका मतदानाच्याच सकाळी टँकर येणार असल्याचा निरोप आला.

"त्यात काय लई अवघड?" आवडाबाई म्हणाल्या. "हंडे मतदानाच्या शाळेत रांगेला लावू. आपण बादल्या घिऊन टँकरपाशी थांबू. नंबर आला की पळायचं."

मतदान सुरू करायला केंद्राध्यक्ष बाहेर आले, तर बायकांच्या रांगेत एकतीस हंडे, दोन कळश्या आणि आपांचा तेलाचा डबा. पोलिसानं पहिला हंडा बाजूला केला न केला तोच बाई धावत पोचल्या.

"हात लावू नका. नंबर हाय त्यो."

"मावशी, हंड्याला मत नसतं," साहेब म्हणाले. "माणूस उभं पाहिजे."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग माणसं तिकडं उभी करते," म्हणाल्या, आणि रांगेतला आपला हंडा उचलून तडक घरी जाऊन झोपलेल्या कडुबांच्या हातात दिला. मंडळानं लगोलग तेच केलं. टँकरभोवती गल्लीतले सगळे नवरे गोळा झाले.

बोटाला शाई लावून बाई परतल्या, तेव्हा टँकर निघून गेला होता. कडुबा कोरडा हंडा घेऊन चिखलात उभे होते.

"आपांचे कमरोद्दीनभाई म्हणले, जरा सरका," ते पुटपुटले. "म्या सरकलो. मग समदेच म्हणले."

आता कडुबांचं काही खरं नाही, म्हणून बायका मागं सरल्या. बाई मात्र आपल्या बोटाकडंच बघत होत्या.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचा नंबर गेला, पर आज माझा लागला."