धावपट्टीवरचे बगळे

बगळेकाका विमानतळावर पाखरं हाकलायच्या कामाला लागले, तेव्हा पर्यटकांना घेऊन दिवसाकाठी एखादंच विमान यायचं. विमान यायची वर्दी आली की काका सायकलवर टांग मारायचे आणि पत्र्याचा डबा बडवत समुद्राकडून आलेले बगळे उडवून लावायचे. बायको हसायची, "लोकांचे नवरे हापिसात जातात, आमचे हे बगळ्यांच्या मागे!"

पुढे परदेशी विमानांची रीघ लागली, डब्याच्या जागी कर्कश भोंगे आले आणि काका निवृत्त झाले. बायकोही गेली.

यंदा लेक त्यांना आपल्याकडे न्यायला आली. उभी हयात विमानतळावर काढलेले काका पहिल्यांदाच विमानात बसले. बसल्या बसल्या त्यांनी खिडकीला नाक लावलं.

"बाबा, घाबरलात का?" लेकीने विचारलं.

"छे गं! एखादा बगळा दिसतोय का बघतोय."

तेवढ्यात लांब कुंपणापाशी गवतात एक पांढरा ठिपका हलला. जन्मभर ज्यांना हुसकावलं, त्यांच्यातला एक दिसला आणि काकांचे डोळे भरून आले.

"बस लेका निवांत," ते पुटपुटले. विमान धावू लागलं.