शालनचं जेवण आणि भाऊंचा सदरा

सापाला उलटी होते, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. कळण्याचं ठिकाण सांगवीच्या जत्रेतला एक तंबू, आणि उलटी झाली ती एका भावी नगरसेवकाच्या अंगावर.

तंबू माझ्या मेव्हणीचा, शैलाचा. ती जत्रांमधून परदेशी प्राणी दाखवते. एक इग्वाना (आपल्या घोरपडीचा हिरवा, आळशी चुलतभाऊ) आणि बोआ जातीची एक आठ फुटी सापीण, नाव शालन. दोघांचे वनखात्याचे कागद दारात फ्रेम करून टांगलेले. शालनच्या काचेच्या पेटीत उबेचा दिवा, थर्मामीटर, ताज्या पाण्याचं घमेलं. एवढी बडदास्त माझी दापोडीच्या घरात तापातसुद्धा होत नाही.

त्या रविवारी दुपारी शैलाचा पाय मुरगळला. एक्स-रे काढून येईपर्यंत तिनं तंबू माझ्या आणि माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, हवाली केला. सुनंदा बाहेर तिकिटांवर, मी आत.

"दाजी, एकच काम करा," रिक्षात बसता बसता शैला म्हणाली. "काही करू नका. शालन काल जेवलीय. चार-पाच दिवस तिला उचलायचं नाही. भरल्या पोटी हलवलं तर तिला त्रास होतो."

मी मान हलवली. चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्यात मी तीस वर्षं काढली आहेत. दुसऱ्याच्या सूचनेला मान हलवायची आणि मग आपल्याला वाटेल ते करायचं, यालाच आमच्याकडे अनुभव म्हणतात.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग एका आजींनी विचारलं, "हा दूध पितो का हो?"

मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही.

"रोज अर्धा लिटर," मी म्हणालो. "म्हशीचं."

बाहेरून सुनंदाचा आवाज आला, "अहो, ती उंदीर खाते."

"दूध झोपताना," मी आजींना सांगून टाकलं.

तेवढ्यात भाऊ आले. भाऊ म्हणजे कुठल्याही निवडणुकीत अजून उभे न राहिलेले, पण प्रत्येक चौकात फ्लेक्सवर उभे असलेले आमचे पुढारी. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे मोबाइल उगारलेले सहा कार्यकर्ते.

"मालक तुमीच का साहेब?" भाऊंनी विचारलं.

खरं उत्तर होतं, 'नाही, मालकिणीचा दाजी.' पण तीस वर्षांत मला कंपनीत कोणी साहेब म्हटलेलं नव्हतं. मालक तर सोडाच.

"हो," मी म्हणालो.

"गळ्यात घालून एक फोटू काढायचा हाय. व्हईल न्हवं?"

सुनंदानं आत डोकं घातलं. "अहो, शैला काय सांगून गेलीय?"

"ह्या कोण?" भाऊ म्हणाले.

"तिकिटांवर असतात," मी म्हणालो. (या दोन शब्दांचे परिणाम घरी अजून चालू आहेत.)

शालनच्या अंगावर मध्येच एक फुगवटा दिसत होता. मी तिला दोन्ही हातांनी नेमकं तिथंच धरून उचललं. ती फुसफुसली. "ओळख दाखवतेय," मी भाऊंना सांगितलं आणि तिला त्यांच्या गळ्यात घातलं.

एका फोटोवर कोण थांबतं? "भाऊ, हसा जरा." "मालक, शेपूट वर घ्या." "एक आडवा पण घेऊ." चौथ्या फोटोला शालननं तोंड उघडलं.

"जांभई," मी म्हणालो.

जांभई नव्हती. आधी वास आला. मग एक अख्खा, ओला, निम्म्या अंगाचे केस गेलेला उंदीर बाहेर आला, सदऱ्यावरून सावकाश घसरला आणि भाऊंच्या खिशावर येऊन थांबला. 'भाऊंसाठी कायपण' असं फ्लेक्सवर छापणारे सहाही कार्यकर्ते त्याच क्षणी तंबूच्या बाहेर होते. एक तर कनात फाडून गेला.

"न्या," भाऊ ओठ न हलवता म्हणाले. उंदीर न्यायचा की साप, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

शैला आली ती एका पायावर लंगडत. तिनं भाऊंकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. शालनला अलगद उतरवून पेटीत ठेवलं, काचेवर चादर टाकली.

"मेली असती ती, दाजी," ती हळू आवाजात म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्याऐवजी मी भाऊंच्या खिशावरचा उंदीर उचलला.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस शालनचं खाणं बंद केलं. त्या पंधरा दिवसांत मी रोज कंपनीच्या बसमधून शैलाला फोन करायचो. ती "आहे" एवढंच म्हणायची आणि ठेवून द्यायची. सोळाव्या दिवशी म्हणाली, "खाल्लं. छोटा उंदीर, पण ठेवलाय पोटात." शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला मी ही बातमी सांगितली. तो उठून मागे जाऊन बसला.

भाऊंनी तक्रार केली नाही. का, ते त्याच आठवड्यात सांगवीच्या चौकात कळलं. नवा फ्लेक्स लागला होता: उलटीच्या आधीचा फोटो, भाऊंच्या गळ्यात शालन, खाली मोठ्या अक्षरांत 'प्राणिमित्र'. शेपूट धरलेला हात माझा आहे. तोंड मात्र कार्यकर्त्यांनी कापून टाकलंय. शैलाचं म्हणणं, हे काम त्यांनी त्या रविवारी तंबूत शिरल्या शिरल्याच करायला हवं होतं.