तिच्या हातांतला चुडा

मी शाळेत चित्रकला शिकवतो. फ्लॅट वसईत, शाळाही इथलीच. सुट्टीच्या दिवशी किल्ल्यापलीकडे पाचूबंदरला जायचं आणि मासळी सुकवणाऱ्या बायका रेखाटत बसायचं, ही माझी जुनी सवय. त्या मला मास्तर म्हणायच्या. "मास्तर, हिचं नाक जरा बेतानं काढा, कागदाबाहेर जाईल," अशी एकमेकींची थट्टा चालायची.

त्यांतली एक बांबूंवर बोंबील टांगत असताना मी रंगवली. तिला विचारलं होतं. खुशाल काढा, पण काम थांबवता येणार नाही, असं ती म्हणाली. एवढी परवानगी मी घेतली आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजत राहिलो.

तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. घरी कॅनव्हासवर तो हिरवा रंग डोळ्यांत घुसायला लागला, बोंबलांची चंदेरी झाक मारायला लागला. मी चुडा काढून टाकला. रचनेसाठी, असं स्वतःला सांगितलं. खरं असं की हात मोकळे केल्याबरोबर बाई गरीब दिसू लागली, आणि मला ती तशीच हवी होती. प्रदर्शनात लोक त्या हातांसमोर थांबत. मुंबईच्या एका कंपनीने चित्र घेतलं, त्याचं कॅलेंडर छापलं. इथल्या एका साप्ताहिकाने माझी मुलाखत घेतली. मुलाखतीत मी म्हणालो, मी मनाचं काही करत नाही, जे दिसलं तेच रंगवलं.

कॅलेंडर फिरत फिरत बंदरावर पोचलं. होड्यांना बर्फ देणाऱ्या दुकानात ते लागलं आणि सगळ्या वस्तीने तिचे रिकामे हात पाहिले. तिचा नवरा तेव्हा दर्यावर होता. त्यांच्या घरी माणूस दर्यावर असताना बाई हात रिकामा ठेवत नाही. एखादी बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर दुसरी भरल्याशिवाय चुलीपाशी जात नाही. मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या बायकांचे हात बघत बसलो, पण कधी विचारलं नाही.

नवरा सुखरूप परतला. पण चित्रासाठी सुनेने चुडा उतरवला, हे सासूच्या मनात पक्कं बसलं. सून नाही नाही म्हणत राहिली, तर कोणीतरी माझी मुलाखत वाचून दाखवली. मास्तर तर सांगतोय, दिसलं तेच काढलं. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला होडीची पूजा सासूने हिला डावलून धाकट्या सुनेकडून करून घेतली. पुढच्या वर्षीही.

हे मला चित्रातल्या त्या बाईनेच सांगितलं, मासळी बाजारात, माझ्या पिशवीत सुकट टाकता टाकता. आवाज चढवला नाही. "घरी येऊन एकदा सांगा, मास्तर. चुडा हातात होता म्हनून."

येतो म्हणालो आणि गेलो नाही.

ते मुलाखतीतलं वाक्य एव्हाना मला चिकटलं होतं. शाळेच्या कार्यक्रमात, सोसायटीच्या गणपतीत माझी ओळख त्याच वाक्याने करून देत. ते खोटं आहे असं म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने? मी सुकट निर्मळ गावाकडून आणायला लागलो. पाचूबंदर सोडलं. भुईगावच्या किनाऱ्यावर जाऊन नुसतं पाणी रंगवायचो, कारण कागदावर मनगट आलं की पेन्सिल पुढे सरकत नसे. एकदा धीर करून कंपनीत फोन केला, चित्रात बांगड्या भरून देतो म्हणालो. तिकडचा माणूस हसला. आम्हाला ते तसंच आवडलंय, म्हणाला.

यंदा पौर्णिमा जवळ आली तेव्हा मात्र गेलो. सासू अंगणात मासळी निवडत होती. नवरा होता, धाकटी सून होती. चुडा होता, मीच चित्रातून काढला, असं मी सांगितलं. सासूने मान वर केली नाही.

"पेपरात बोललास ना? मग पेपरात सांग. माझ्या अंगनात कोन ऐकतंय?"

ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलंय, हे मी तिला सांगू शकलो नाही. मोठी सून गल्लीपर्यंत माझ्या मागे आली. "लिवा, पन माझं नाव नका घालू. लोकांनी बघितलं तेवढं बास झालं."

म्हणून इथे नाव नाही. नावाशिवाय लिहिलं तर ते कोणाबद्दल आहे हे वस्तीबाहेर कोणाला कळायचं नाही, आणि सासूला तेवढं पुरायचं नाही. नाव घातलं तर मी तिला पुन्हा त्या दुकानात टांगल्यासारखं होईल. यातून मला वाट सापडलेली नाही. पाचूबंदरला हे कोणी वाचून दाखवलंच, तर एवढंच नीट वाचावं: त्या दिवशी चुडा तिच्या दोन्ही हातांत होता, बोंबील टांगताना तो वाजत होता, आणि मी तो बघत होतो.

पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे. पूजेला कोण बसणार, ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही.