अडकलेलं जोडवं

डोक्याला विजेचा शॉक द्यायच्या आधी अंगावर धातू ठेवत नाहीत. मंगळसूत्र, बांगड्या मुकाट्याने निघाल्या. पण त्या दिवशी पाय सुजलेले, उजव्या पायातलं जोडवं काही निघेना. आमच्या ह्यांनी बेसिनवरचा साबण आणला आणि सरळ दवाखान्याच्या फरशीवर बसून माझा पाय मांडीवर घेतला.

तुम्हाला सांगते, दुःख होतं तोवर माणूस बरा असतो. मला तेही होत नव्हतं. नैराश्यावरच्या गोळ्या बदलून बदलून डॉक्टर थकले, तेव्हा शॉक सुरू झाले. त्यात नातवाच्या बारशाची आठवणच पुसली गेली. आणखी काय काय जाणार कोण जाणे! आज शॉक नकोच म्हणायचं, असं ठरवूनच मी आले होते.

आतून सिस्टरने माझं नाव पुकारलं. ह्यांनी जोडवं पिळलं तशी कळ आली. समोरच्या बाकावरची बाई टक लावून बघत होती.

"अहो, सोडा पाय! लोक बघतायत."

"बघू देत. जन्मभर माझे मोजे शोधलेस, ते कुणी बघितलं?"

मला लाज वाटली. कान तापले. आणि ह्यांचे साबणाचे हात एकदम थांबले. ते माझ्याकडे बघतच राहिले. मीही दचकले. वर्षभर कशाचं काही वाटलं नव्हतं, आणि आज चक्क लाज वाटत होती! म्हणजे शॉक लागू पडत होते.

सिस्टरने पुन्हा हाक मारली. आठवणी आणखीही जाणार होत्या. तरी मी पाय पुढे केला.

"ओढा," म्हटलं, "जरा जोरात."