नावांवर मारलेला रंग

शाळेत मी गेलो तो रंग मारायलाच. चार शाळा आतून-बाहेरून रंगवल्या, पण अक्षर एक डोक्यात शिरलं नाय.

पोलादपूरच्या वर आमची वाडी. तिथल्या देवळाच्या मंडपात एका भिंतीवर नावं लिवलेली होती, देवळासाठी ज्यांनी ज्यांनी काय दिलं त्यांची. उत्सवाआधी मंडप रंगवायचं काम वाडीनं मला दिलं. मी ती भिंतपण रंगवली, चांगले दोन हात मारून. वर बायकोला हाक मारून दाखवली, "बघ गो, कशी आरशासारखी केलीय!"

उत्सवाला मुंबईकर आले नि उत्सव राहिला बाजूला. "माझ्या बापाचं नाव कुठं गेलं रे?" मी बोललो, "आतच हाय, रंगाच्या खाली." मार खायचा तेवढा राहिला. वाडी बसली नि ठरलं, अक्षरं काढणारा मी महाडवरून आणायचा नि शेवटचं नाव होईपर्यंत शिडी मीच धरायची. एक म्हातारा तर हलेचना. "माझ्या आईनं पैसं नाय दिलं, बांधकामाला पाणी वाहिलं. तिचं नाव पयलं लिव." लिवलं.

आता माझ्या मुलीचं. मुलगी माझी, पण डोकं आईचं. कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली नि कामासाठी आम्ही बिरवाडीत घेतलेल्या भाड्याच्या खोलीतून गेम बनवणाऱ्या कंपनीचं काम करायला लागली. गेममधली घरं, भिंती ती बनवायची. आमच्या वाडीतल्या घराची भिंत तिनं जशीच्या तशी काढली, खालच्या ओलीसकट. मी हसलो. "अगो, मी ओल झाकायचं पैसं घेतो, तू काढायचं घेतेस?"

पण मी सहाला ब्रश धुतो. मालक बोलला, अजून एक हात मारून जा, तर अर्धी हजेरी जास्त. हिला रविवारपण नाय.

"जास्तीचं काय देतात?"

"बाबा, पगार ठरलेला असतो."

"मग काम पण ठरलेलं असंल की."

ती बोलली, "गेम निघाला की शेवटी सगळ्यांची नावं येतात. ते नाव दाखवलं की पुढं चांगल्या पगाराचं काम मिळतं."

झालं. नावाचं महत्त्व वाडीत माझ्याएवढं कुणाला शिकवलंय? मी बोललो, "मग सोस."

हा माझा सल्ला. वर्षभर तिनं सोसलं. गेम निघायच्या वीस दिवस आधी कंपनीनं कळवलं, तुझं काम संपलं.

तरी गेम निघाला त्या दिवशी मी पेढे आणले, शेजारच्यांना बोलावलं. मुलगी बोलत होती, "बाबा, आधी बघू तरी." नावं वर सरकायला लागली, सगळी इंग्रजीत. तिच्या नावाचं पयलं अक्षर मी ओळखतो. आमच्या रंगाऱ्यांच्या घोडीसारखं, म्हणजे दुहेरी शिडीसारखं हाय, दोन पाय फाकवून उभं. घोडी दिसली की मी टाळी वाजवायचो. "आलं आलं!"

"ते नाय, बाबा."

सात वेळा टाळी वाजवली मी. मुलगी वाचून सांगत होती, जेवण पुरवणाऱ्याचं नाव आलं. साहेबाच्या कुत्र्याचं आलं. हिचं आलंच नाय. शेजारी कारखान्यात कंत्राटावर हाय, तो पेढा खात बोलला, "आमचं नाव तरी असतं, गेटपासवर. जाताना तेपण काढून घेतात."

तिनं कंपनीला लिवलं. उत्तर आलं, गेम निघाला त्या दिवशी जे कामावर होते त्यांचीच नावं.

मी खवळलो. "पाया खणणारा वास्तुशांतीला नसला, तर घर काय हवेत उभं राहिलं?"

"हे मला सांगून काय होणार, बाबा?"

खरंय. पण माझं ऐकणारं दुसरं होतं कोण?

दुसऱ्या कंपनीत गेली तर ते बोलले, यादीत तुझं नाव नाय, म्हणजे तू नवीन. पगार नवीन माणसाचा. मी बोललो, "मी येतो साक्षीला. ही रोज बसायची, मी बघितलंय."

"तुम्ही घोरत होतात, बाबा."

वाडीतल्या भिंतीवरचं मी पुसलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. हिचं ज्यांनी गाळलं ते शिकलेले. त्यांना शिडी धरायला लावणारी वाडी कुठं शोधायची?

काल ती त्या दुसऱ्या कंपनीत कामाच्या कागदावर सही करायला गेली होती. मी दारातच उभा, हातात पेढ्याचा पुडा. अक्कल येत नाय ती नाय.

"काय झालं?"

"बोलले, सही कर. मी बोलले, नाव येणार हे आधी कागदावर लिवून द्या."

"मग?"

"बोलले, बघू."

"मग तू?"

"आले सही न करता."

यावेळी मी सल्ला दिला नाय. पुडा कपाटावर ठेवलाय. मुंग्यांना कळलंय.