नवस फेडल्यावरच्या गोळ्या

सत्तरच्या दशकात माझ्या मोठ्या आतड्याला व्रण झाले आणि मी दिवसातून शंभरदा टमरेल घेऊन पळू लागलो. दहिवलीपासून पळसदरीपर्यंत असं एक झुडूप उरलं नाही, ज्यामागे मी बसलो नव्हतो. रक्तही पडायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या दिल्या आणि काही महिन्यांत मी इतका ठणठणीत झालो की आमचे बैल मला बिचकू लागले.

आईने लगेच गावदेवीला कोंबडा देऊन माझ्या आजारासाठी बोललेला नवस फेडला आणि गोळ्या उचलून ठेवल्या.

"नवस फिटला म्हंजे आजार गेला. आता गोळ्या खाल्ल्यास तर देवीला वाटंल, याचा माझ्यावर भरवसा नाय."

नवस फेडल्यावर आमच्याकडे कोणीच औषध घेत नसे. पुढे भातलावणीत, गुडघाभर चिखलात, रक्त परत सुरू झालं.

या खेपेला आईच डॉक्टरांसमोर बसली. "पोरगा जगंल ना?"

"जगेल की. चांगला म्हातारा होईल. पण हा आजार कायमचा जात नाही, मधूनमधून डोकं वर काढतो. बरं वाटलं तरी गोळ्या चालू ठेवायच्या. आणि काही वर्षांनी नळी घालून आतडं तपासत राहायचं, कॅन्सर झालाच तर वेळेत कळावा म्हणून."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "घाई झाली रं आपली. हा नवस तुझ्या म्हातारपणी फेडायचा."

घरी येऊन तिने देवीलाही तसं सांगितलं आणि रोज गोळी स्वतः माझ्या हातावर ठेवू लागली.