काकांनी निवडलेली प्रिन्सिपॉल

चाळिशी उलटल्यावर मी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरी जेवढे नातेवाईक आले, तेवढे वडील गेले तेव्हाही आले नव्हते. सगळ्यांत पुढं काका. त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आईला म्हणाले, "वहिनी, पोरीचं लग्न वेळेवर केलं असतं तर ही पाळी आली नसती."

देवाबद्दल एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कॉन्व्हेंटात मी गेले ती सिस्टरांची चित्रं काढायला. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांच्यामागं बसायचे, आणि हळूहळू तिथून उठावंसं वाटेना. एवढंच झालं. पण इतकी साधी गोष्ट आमच्या घराण्यात कुणाला पटणार!

हिवाळ्यात त्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. काका चक्क जाकीट घालून आले. मला वाटलं, विरघळले. भिंतीवरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "यातल्या प्रिन्सिपॉल कोणत्या गं? नातीच्या अ‍ॅडमिशनचं बघायचंय. तुझं आता तिथं वजन असेल."

माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, वजन चालणार होतं.

"प्रिन्सिपॉलचं चित्र मी काढलेलंच नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं, पण काकांना ती माझी लपवाछपवी वाटली. त्यांनी स्वतःच एक करारी चेहरा निवडला, "बाई तोलामोलाच्या दिसतात" म्हणाले आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. चित्र कसं झालंय, हे शेवटपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो फोटो आणि पेढे घेऊन ते कॉन्व्हेंटात पोचले. चित्रातल्या सिस्टर लासूर स्टेशनकडच्या, उभा जन्म कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात गेलेला. मागच्या अंगणात त्या शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

"तुझे काका लई वाकून नमस्कार करत व्हते. मी म्हणलं, मला अ‍ॅडमिशनमधलं काय कळतंय बाबा, मी तर सैपाक करते. तर पेढ्याचा पुडा उचलून चालले की परत!"

सिस्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मला हसू आलं नाही.

नातीचं नाव सोडतीत निघालं, प्रवेश मिळाला. काका आता लग्नकार्यात सांगतात, "कॉन्व्हेंटात आपल्या ओळखी आहेत." सिस्टर मला म्हणतात, त्यांच्यासाठी प्रार्थना कर. करते. दात आवळून का होईना, करते.